वरचे, खालचे आणि आबा

हातात दिलेली वस्तू आबा आधी उलटी करून बघत. लग्नाची पत्रिका, औषधाच्या गोळ्यांची पट्टी, प्रसादाचा पेढा, काहीही. "पहिले उलटं कर, मंग बोल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कापडाचा दोष सुलट बाजूला लपतो आणि उलट बाजूला सापडतो, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं. माणसं कापडापेक्षा वेगळी असतात, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. नमस्कार केला तरी "का रे, आज काय काम काढलंस?" असं विचारणारा. फरक इतकाच की आमच्या आबांना या स्वभावाचा पगार मिळत होता. ते चेकर होते. सुरतेत आमचं युनिट खेळाच्या जर्सीचं कापड विणतं आणि रंगवतं. ते परदेशी जातं आणि तिथे त्याच्या जर्सी शिवतात. मी ऑफिसात बसून त्या मालाचे कागद तयार करतो. आबा तळमजल्यावर, खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलापाशी उभे राहून ताग्यामागून तागा डोळ्यांखालून घालत. तळहात कापडावर सपाट टेकलेला असे. कापड सरकत असताना मध्येच हात थांबे, आणि तिथे सुई तुटल्याची रेघ निघेच. ती मला दाखवल्यावरसुद्धा दिसायची नाही.

ते मूळचे शिरपूरकडचे. पंचवीस वर्षं सुरतेत काढून बोलणं घरच्यासारखंच राहिलं होतं. डब्याच्या फडक्याला ते स्वतःची एक गाठ मारत आणि दुपारी ती तशीच आहे का हे तपासून मग सोडत. कोणी कामाचं कौतुक केलं, की त्यांचा हात आपसूक खिशाकडे जाई. नव्या पंख्याचा वारा जुन्यापेक्षा कमी आहे, अशी तक्रार त्यांनी पंखा सुरू व्हायच्या आधीच केली होती.

अशा माणसाला रग्बीचा नाद लावला मी. झालं असं, की परदेशातल्या गिऱ्हाईकानं कळवलं, कापड ताणाला कमी पडतंय. आबा भडकले. "ताण म्हणजे किती ताण? कोन ओढस?" मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर त्यांना एक सामना लावून दिला. पंधरा-पंधरा धिप्पाड माणसं एकमेकांच्या जर्सी धरून चिखलात लोळत होती. आबांनी घास हातातच ठेवून दहा मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "यांचं भांडण कशावरून शे?"

मी सांगितलं, हा खेळ आहे, चेंडू पलीकडे नेऊन टेकवायचा. फक्त हातानं देताना तो मागेच द्यायचा, पुढे नाही.

"जायचं पुढे आणि चेंडू टाकायचा मागे?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आठे काहीतरी गडबड शे."

इथली ती गडबड शोधण्यात त्यांची चार वर्षं गेली. शनिवारी झालेला सामना आम्ही सोमवारी जेवताना बघायचो. यंत्रांच्या आवाजात ऐकू काही येत नसे, म्हणून फोन मुकाच ठेवायचो. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं आबा वाचत नसत. माझ्या टेबलामागे जगाचा नकाशा होता. त्यावरून त्यांनी सगळ्या संघांची दोनच गावं करून टाकली. इंग्लंड, आयर्लंड, वेल्स, फ्रान्स हे वरचे. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिना हे खालचे.

"वरचे कसे, पोटाखाली चेंडू दाबून बसतात," ते सांगत. "दोन पावलं सरकतील, परत बसतील. सगळे मिळून रेटतील. नाहीतर लाथ मारून चेंडू लांब घालवतील आणि वाट बघतील, समोरचा कधी चुकतो. सोसायटीची मीटिंग चालते तशी." खालच्यांचं वेगळं. "ते पळतात भो. आणि पडता पडता, धरला गेलेला असतानासुद्धा, न बघता चेंडू मागे टाकतात. आणि मागे कोणीतरी असतोच!" याचं त्यांना सगळ्यात नवल आणि सगळ्यात जास्त संशय. "इतका भरोसा? मागे कोणी नसला तं?"

मी वाद घालायचो. आफ्रिकेचे लोक खालचे असून वरच्यांपेक्षा जास्त रेटतात, फ्रान्सवाले वरचे असून वाऱ्यासारखे पळतात, आता सगळे एकमेकांकडून शिकतात. आबा मान हलवत. "लबाडी. मुद्दाम दाखवतात तसं. दहा मिनिटं थांब, मूळ बाहेर येतं." पहिल्या वर्षी तर खालच्या देशांत जूनमध्ये थंडी असते यावरही त्यांचा विश्वास नव्हता. सुरतेत घामाच्या धारा लागल्या असताना मी त्यांना खेळाडूंच्या तोंडातून निघणारी वाफ दाखवली. "बिड्या ओढत असतील," म्हणाले.

तळमजल्यावर आबांच्या शेजारी सुनंदाताई उभ्या असायच्या. त्या कतारगामला राहायच्या. लोंबणारे धागे कापायचे आणि ताग्यावर रंगाची चिठ्ठी लावायची, हे त्यांचं काम. चिठ्ठी लावताना त्या स्वतःशीच बोलल्यासारखं पुटपुटत, "मरून, चार नंबर. बाटली हिरवा, दोन." त्यावर आबा "हूं" म्हणत आणि वहीत खूण करत. अकरा वर्षं हे चाललं होतं. राखीला त्या आबांना राखी बांधत आणि आबा ती राखीसुद्धा उलटी करून बघत.

आता माझंही सांगतो. संशय घेणं सर्दीसारखं पसरतं. या पुटपुटण्यात काहीतरी गोम आहे, असं मला वाटायला लागलं होतं. सुनंदाताई रजेवर असल्या की आबा हटकून पोटदुखी काढून घरी जायचे. हे दोघं मिळून कुणाचा तरी वाईट माल पास करत असतील का, असं मनात येऊन मी दोन-तीनदा ताग्यांच्या चिठ्ठ्याही तपासल्या. सगळ्या बरोबर निघाल्या. तरी मन साफ झालं नाही.

मग तो नोव्हेंबरचा सोमवार आला. सामना वेल्स आणि दक्षिण आफ्रिकेचा. वेल्सवाले लालमध्ये, आफ्रिकावाले हिरव्यात. त्या दिवशी वेल्सवाल्यांच्या अंगात काय आलं होतं कोण जाणे. पहिल्या मिनिटापासून ते पळत सुटले, पडता पडता चेंडू मागे टाकू लागले. हिरवे मात्र ढिगारा करून रेटत होते. आबा खूश. "दख! खालच्यांचे हात दख! न बघता टाकला!"

मला वाटलं, गंमत करतायत. मी म्हटलं, "आबा, ते वरचे आहेत."

"वेडा का तू? वरचे असे पळतात का कधी?"

अर्धा सामना ते लाल जर्सीवाल्यांना आफ्रिकेचे म्हणत राहिले. मला हसू आवरेना. आपल्याच सिद्धान्तात म्हातारा अडकला, याचा आनंद झाला मला. त्या आनंदात संध्याकाळच्या चहाला मी तो किस्सा मीठमसाला लावून सगळ्यांना सांगितला. नवा मॅनेजरही तिथे होता. सगळे हसले. तो हसला नाही. त्यानं कप खाली ठेवला आणि विचारलं, "लाल अने लीलो?" लाल आणि हिरवा? मी म्हटलं, हो ना! तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरनं आबांच्या टेबलावर हातभर लांबीचे दोन तुकडे ठेवले. एक लाल, एक हिरवा. दोन्ही गडद. खालचा सगळा मजला काम थांबवून बघत होता. "आबा, बोलो, आमांथी लाल कयुं?" यातलं लाल कुठलं?

आबांनी दोन्ही तुकड्यांवर तळहात फिरवला. दोन्ही उलटे केले. पुन्हा सुलट केले. मग छाती काढून म्हणाले, "मला फसवता? दोन्ही एकाच रंगाचे आहेत."

पाठीमागून कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी जिन्यात उभा होतो. सुनंदाताईंनी पदर तोंडाला लावला होता. तेव्हा कुठे मला सगळं कळलं, त्यांचं ते पुटपुटणंसुद्धा. चार वर्षं आबा संघ रंगावरून ओळखतच नव्हते. कोण रेटतो आणि कोण पळतो यावरून ओळखत होते. वरचे आणि खालचे यांचा तो सगळा अभ्यास एका माणसानं आपलं न्यून झाकायला केला होता. पुढे मी वाचलं, की लाल-हिरव्या सामन्यांबद्दल तिकडच्या रंगांधळ्या प्रेक्षकांच्याही तक्रारी असतात. आबांनी तक्रार कुणाकडे करायची? कापडाच्या गिरणीतला चेकर होता तो.

नवा नियम निघाला: चेकरनंच रंग तपासायचा आणि सही करायची. आबांना गेटवर बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. डबा उचलून कोसाडला घरी गेले. जाताना माझ्या टेबलापाशी थांबले. "कोणी सांगितलं असेल?" म्हणाले. मग त्यांनीच एकेकाचं नाव घेतलं: लिफ्टवाला, डाइंग मास्टर, शेठचा भाचा. शेवटी आवाज बसला. "पण माहीत तं एकलीलेच होतं."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो. लाज वाटली, आणि भीतीही.

पंधरा दिवसांनी सुनंदाताई वर ऑफिसात आल्या. त्या वर कधी येत नसत. "भाऊ, आबा माझा फोन उचलत नाहीत," त्या म्हणाल्या. "घरी गेले तर दाराआडून म्हणाले, तुझं-माझं नातं संपलं. अकरा वर्षं तोंड शिवून ठेवलं मी. नवऱ्याला सांगितलं नाही. मी कशाला सांगेन हो?" त्या रडत नव्हत्या, हे जास्त वाईट होतं.

पुढच्याच रविवारी मी कोसाडला गेलो. तिसरा मजला, पुसट झालेला नंबर. आबांनी आतूनच आधी नाव विचारलं, मग गाव विचारलं, मग दार उघडलं. मला बघून मात्र त्यांचा चेहरा उजळला. बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, चहा टाकायला सांगितला. मोबाइल माझ्यापुढे केला. "सामना लाव. आता तुझ्यापुढे काय लपवायचं? लाल कोण, हिरवा कोण, तू सांगत जा."

मी फोन बाजूला ठेवला आणि सांगून टाकलं. चहाच्या वेळचं, मसाला लावलेलं, सगळं. सुनंदाताईंचा काही दोष नाही, मला तुमचं काही माहीत नव्हतं, पण सांगितलं मीच.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग डोळे बारीक करून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. अशा नजरेनं त्यांनी आयुष्यात हजारो तागे पाहिले असतील.

"तिनीच धाडं ना तुले?"

"नाही, आबा. त्यांनी नाही पाठवलं. शपथ घेतो."

"तू खोटं बोली ऱ्हायना. तुला दया आली तिची." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "तू तसा माणूस नई. माले माणसं कळतात."

मी किती सांगितलं! तो सोमवार, तो कप, मॅनेजरचे शब्द, कोण कुठे उभं होतं. जितका पुरावा दिला तितका त्यांचा माझ्यावरचा विश्वास वाढत गेला. परक्या बाईसाठी एवढा आळ अंगावर घेणारा पोरगा, म्हणून त्यांनी वहिनींना बाहेर बोलावून माझं कौतुक केलं. मी चहा तसाच टाकून उठलो.

सुनंदाताईंना मी दुसऱ्या दिवशी हेच सगळं सांगितलं. त्यांनी लगेच मानलं. खाली गेल्या आणि पुन्हा कधी मला भाऊ म्हणाल्या नाहीत.

आबा आता सुरतेत नाहीत. कोसाडची खोली सोडून ते गावी गेले. आमच्या मालात आता सुईच्या रेघा निघतात आणि गिऱ्हाईकाचे फोन मला घ्यावे लागतात. सामना असला की शिरपूरकडून आबांचाही फोन येतो. दुश्मनी असल्यासारखं मोठ्यानं विचारतात, "डावीकडून पळतोय तो कोण? वरचा का खालचा?" मी सांगतो. "बरं," म्हणतात. उलटून एकदाही विचारत नाहीत.

सामना संपत आला की दर वेळी मी म्हणतो, "आबा, सुनंदाताईंना एक फोन करा. त्यांनी नाही सांगितलं, मी सांगितलं."

मग ते म्हणतात, "लई चांगला शे तू," आणि फोन ठेवून देतात.