एक हूक कमी

माझी मावशी सैनिकांना पॅराशूटची घडी घालायला शिकवते, असं सांगितलं की लोक हसायचे. हसोत बापडे. तीस वर्षं तिनं सैन्याच्या पॅराशूट विभागात काढली. ती निवृत्त झाली आणि शिकवण्याचं काम एका खाजगी कंपनीकडे गेलं. कंपनीनं तिलाच परत बोलावलं. खोली तीच, लांबलचक टेबलं तीच, गळ्यातलं ओळखपत्र तेवढं बदललं. हजेरी लिहायला मीही तिथेच होते.

मावशीचे नियम दोनच. ज्यानं घडी घातली, त्यानंच ती पाठीवर बांधून उडी मारायची. आणि पिशवी बंद करण्याआधी दोऱ्या ओढायचे हूक ट्रेमध्ये मोजायचे. एखादा आत राहिला तर वर आभाळात कापड फाटायचं.

त्या दिवशी बारा जणांच्या बारा पिशव्या तयार, विमान उभं, आणि ट्रेमध्ये बारापैकी हूक अकराच.

“लंबू, हे तुझंच काम!” मावशी कडाडली. लंबू म्हणजे तुकडीतला सगळ्यात उंच आणि सगळ्यात वेंधळा जवान. “उघडा सगळ्या!”

कंपनीचा मॅनेजर धावत आला. “बाई, विमान खोळंबलं तर आमचं कंत्राट जाईल, आणि तुम्ही बसाल घरी.”

“बसेन. उघडा रे!”

बाराही पिशव्या उघडल्या. हूक काही सापडेना. मावशीनं चष्मा पुसायला म्हणून चष्म्याची डबी उघडली, तर हूक त्यात! सकाळी घडी दाखवताना तिनंच ठेवला होता.

मॅनेजर तिच्या कानाशी लागला, “टाका हळूच टेबलाखाली. कुणाला कळतंय?”

तिच्या जागी मी असते तर टाकला असता, खोटं कशाला बोलू? मावशी हूक वर धरून लंबूपुढे जाऊन उभी राहिली.

“चुकलं रे बाबा माझं. तुला उगाच बोलले. माझ्याकडेच होता.”

“असू दे, मावशी,” लंबू लाजून म्हणाला, “तशीही माझी घडी वाकडीच होती.”

सगळ्यांनी पुन्हा घड्या घातल्या. विमान दोन तास उशिरा उडालं. बाराही जण धडधाकट उतरले. मैदानाच्या कडेलाच मॅनेजरनं मावशीला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मला त्याची मानगूट धरावीशी वाटली.

तेवढ्यात दोन्ही हातांत पॅराशूट कवटाळून लंबू धापा टाकत आला. “मावशी, उद्या किती वाजता?”

“नेहमीच्याच वेळी ये,” मावशी म्हणाली. “आणि मी असो नसो, मोजल्याशिवाय पिशवी बंद करू नकोस.”