पडद्याची दोरी

भीमराजला राग आला की तो बोलायचा नाही, घंटा बडवायचा. मुलुंडच्या एका इंग्रजी शाळेत तो शिपाई होता, आणि शहाऐंशीच्या त्या डिसेंबरात मधल्या सुट्टीचे टोल असे पडायचे की पहिलीची पोरं दचकायची. का नाही पडणार?

गिरणी संपात गेली म्हणून हा शिपाई झाला, नाहीतर माणूस वाचणारा. घाटकोपरच्या टेकडीवरच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली पुस्तकांची फळी होती. शाळेच्या लायब्ररीतलं कपाट झाडायला उघडलं की दोन पानं वाचल्याशिवाय ते बंद होत नसे. त्याची मुलगी सुलक्षणा तिथेच पाचवीत शिकत होती, फी माफ. हा उपकार आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी ऐकवायचंच, आणि भीमराज मिंध्यासारखा मान हलवायचा.

त्या वर्षी गॅदरिंगला कोपीकर टीचरनी नाटक बसवलं. स्पॅनिश सरदार कोर्तेस जहाजातून मेक्सिकोत उतरतो, तिथले अझ्टेक लोक त्याला देव समजतात, राजासकट सगळे त्याच्यापुढे लोटांगण घालतात, टाळ्या, पडदा. आणि पात्रं निवडली कशी? वर्गात रांग लावून. गोरी पोरं स्पॅनिश, काळी पोरं अझ्टेक. कोर्तेस झाला ट्रस्टींचा नातू. सुलक्षणाला मिळाली पहिली रांग, थेट त्याच्या बुटांपाशी. वा रे नाटक!

घरी येऊन तिने सरळ विचारलं, "बाबा, आपण तर कुठल्याच देवाच्या पाया पडत नाही ना? मग मी पडू?"

छप्पन साली भीमराजच्या वडिलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. घरात देव्हारा नाही, बावीस प्रतिज्ञा पोरीला तोंडपाठ. काय उत्तर द्यायचं हे त्याला पक्कं माहीत होतं. पण डोळ्यांसमोर ती माफ झालेली फी आली आणि तो म्हणाला, "पड. नाटकच आहे ते." त्या एका शब्दाची त्याला इतकी लाज वाटली की ताटातली भाकर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याने कपाटातून मेक्सिकोचं पुस्तक काढलं. वाचता वाचता तळपायाची आग मस्तकात गेली. देवबिव मानल्याची कहाणी जिंकणाऱ्यांनी मागाहून रंगवलेली! त्या लोकांनी तर स्पॅनिशांना एकदा शहरातून हाकलून लावलं होतं. ते पुढच्या वर्षी तोफा घेऊन परत आले, मध्ये देवीच्या रोगाच्या साथीने घरंच्या घरं साफ झालेली, तळ्यातल्या त्या शहराचं पाणीही तोडलं, तरी लोक अडीच महिने गल्लीगल्लीतून लढले. आणि कोर्तेसच्या बाजूने हजारोंनी लढले ते तिथलेच, अझ्टेकांनी वर्षानुवर्षं नाडलेले. इथे भीमराज थांबला. वरच्याने तुडवलेला माणूस परक्याच्या फौजेत का जातो, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. पण फौजेत जाणं वेगळं आणि पाया पडणं वेगळं.

पुस्तक घेऊन तो टीचरकडे गेला. शेवटी लढाईचा छोटासा प्रसंग घ्या, एवढंच म्हणाला. त्या हसल्या. "भीमराज, तू पडदा ओढ. हिस्टरी मी बघते." त्या दिवशी शाळा सुटल्याची घंटा किती वेळ वाजत होती ते विचारू नका.

गॅदरिंगच्या संध्याकाळी तो विंगेत दोरी धरून उभा राहिला. टीचरनी समोरच्या विंगेतून रुमाल हलवला की पडदा पाडायचा, असं ठरलेलं. कोर्तेस पिसांची टोपी घालून आला. चाळीस पोरं आडवी झाली. टाळ्या पडल्या. रुमाल हलला.

भीमराजचा हात हलला नाही.

रुमाल पुन्हा हलला, मग जोरजोरात फडफडला. टाळ्या विरल्या. पोरं तशीच पडलेली. पालकांत कुजबुज सुरू झाली, पहिल्या रांगेतले ट्रस्टी मागे वळून बघायला लागले. कोर्तेसला पुढचं वाक्यच नव्हतं, तो बिचारा इकडेतिकडे बघत राहिला. पोरं तरी किती वेळ पडून राहणार?

"ऊठ, सुलक्षणा," भीमराज विंगेतून म्हणाला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. "पुढचं राहिलंय."

ती उठली. गुडघे झटकून कोर्तेसच्या समोर ताठ उभी राहिली. तिच्या मागे एक उठला, मग दोघी, मग चाळीसच्या चाळीस. ट्रस्टींचा नातू दोन पावलं मागे सरकला आणि त्याने टोपी काढून हातात घेतली. तेव्हा कुठे भीमराजने दोरी सोडली.

सोमवारपासून येऊ नकोस, असं त्याला तिथेच सांगण्यात आलं. पोरीचं नावही काढून घे म्हणाले. त्याने दोरी नीट गुंडाळून खुंटीला अडकवली आणि सुलक्षणाचा हात धरून स्टेशनची वाट धरली.

चालता चालता तो म्हणाला, "त्या दिवशी तुला पड म्हणालो. चुकलो मी."

"मी कुठे पडले?" सुलक्षणा म्हणाली. "कपाळ टेकवलंच नव्हतं, बाबा. बोटभर वर धरलं होतं. मान दुखतेय अजून."