सावलीची गोल कड

कौसल्येला एका जागी बसवत नसे. मिलच्या वाइंडिंग खात्यात दिवसभर उभं राहून सुताच्या बॉबिनी भरणारी बाई घरी आली की भिंतीला पाठ टेकून निवांत बसेल, असं कुणालाही वाटेल. ही तांब्याभर पाणी प्यायची आणि चाळीच्या मधल्या पॅसेजमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत राहायची. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या शेजारणी तिला हसायच्या. पायाला भिंगरी बांधलीय म्हणायच्या. तिचा नवरा रामदास म्हणे, "पायाला नाही हो, डोक्याला."

डोक्यातली ही भिंगरी लहानपणापासूनची. कौसल्या सात-आठ वर्षांची असताना ग्रहण लागलं की तिची आई सुंदराबाई टोपली काखेला मारून गिरगावात जायची. वरच्या जातींच्या बिल्डिंगींखाली उभं राहून "दे दान, सुटे गिराण" असं ओरडायचं आणि वरून तांदूळ, जुनं लुगडं, काय पडेल ते टोपलीत घ्यायचं. राहू-केतूनं चंद्र धरलाय, तो सुटावा म्हणून महार-मांगांना द्यायचं ते दान. पोर आईचा पदर धरून मागे उभी. सगळे वरच्या गॅलरीकडे बघत, ही त्याच्याही वर बघे. एकदा घरी येताना तिनं विचारलं, "आये, भाकरीचा घास घेतला तर दातांच्या खुणा उमटतात. चंद्राला खाल्लंय त्याची कड एवढी गोल कशी?"

सुंदराबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. तासन्‌तास ओरडून घसा बसलेली बाई दुसरं काय उत्तर देणार?

पुढे वस्तीनं ठरवलं, असलं मागणं बंद. सुंदराबाईही थांबली. कौसल्येचं लग्न झालं, मिल लागली, म्हातारी आई लेकीकडेच राहायला आली. कडेचं कोडं तसंच पडून राहिलं. पंचावन्न साली चाळीतल्या एका रिकाम्या खोलीत मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. शिकवायला शामराव मास्तर यायचे. म्युनिसिपालिटीच्या शाळेतले, आवाज बारीक, पण हाताशी येईल त्या वस्तूतून शिकवायची हातोटी. एके दिवशी त्यांनी कंदील मध्ये ठेवला, समोर नारळ धरला आणि नारळाच्या मागून लिंबू फिरवलं. कंदील सूर्य, नारळ पृथ्वी, लिंबू चंद्र. लिंबू नारळाच्या सावलीत शिरलं तेव्हा त्याच्यावर काळी, गोल कड सरकत गेली.

कौसल्या ताडकन उठली. "म्हणजे ती आपली सावली?"

"आपलीच. पृथ्वी गोल, म्हणून सावली गोल."

बाकीच्या बायका माना डोलावून घरी गेल्या. कौसल्या मास्तरांच्या मागे बसस्टॉपपर्यंत गेली. "दर पुनवेला चंद्र असाच समोर येतो ना? मग दर पुनवेला ग्रहण का नाही?"

मास्तर थांबले. "खरं सांगू का कौसल्याबाई, मला माहीत नाही. वाचून सांगतो."

तो आठवडा तिनं कसा काढला ते रामदासच जाणे. रोज जेवण झालं की कंदील, नारळ आणि लिंबू. चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेशी जरा कललेली आहे, बहुतेक पुनवांना तो सावलीच्या वरून नाही तर खालून निसटतो, हे मास्तरांनी पुढच्या आठवड्यात सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. लिंबू उचलून धरलं की निसटतंय."

जानेवारीत मुंबई पेटली. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत माणसं रस्त्यावर आली, गोळीबार झाले, कर्फ्यू लागला. रामदास लालबागला मित्राला शोधायला गेला होता. धावाधाव झाली आणि एक गोळी त्याच्या उजव्या गुडघ्यात घुसली. दोन महिने इस्पितळात काढून तो घरी आला तेव्हा गुडघा वाकत नव्हता. तोही मिलमधलाच, विणायच्या लूमवर उभं राहता येईना, मिलनं नाव कमी केलं. वर्गही बंदच होता. एकटीच्या पगारावर चार तोंडं, त्यात लहानग्या लेकीला, चंपाला खोकला. कौसल्येच्या फेऱ्या आता पॅसेजमध्ये मावेनात. ती मैदानात जायची, तिथून समुद्राकडे, परत यायची, पुन्हा जायची.

मे महिन्यात वर्ग परत सुरू झाला तेव्हा मास्तर म्हणाले, "वैशाखी पौर्णिमेला चंद्रग्रहण आहे. साडेसातच्या सुमाराला लागेल, नऊला भरात येईल. पूर्ण बुडणार नाही, एक कोर शिल्लक राहील." कौसल्येनं ते वहीत उतरवून घेतलं. त्या वर्षी वस्तीत बुद्धजयंती मोठ्या थाटात करायची ठरली होती. तिनं मनाशी योजलं, सगळ्या बायकांना मैदानात गोळा करायचं आणि वेळ आधी सांगून ग्रहण दाखवायचं.

त्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर ती पताका लावायच्या कामात गुंतली. घरी आली तेव्हा सहा वाजून गेले होते. रामदास दारात पाय लांब करून बसला होता.

"आये कुठंय?"

"गेली. गिरगावात."

कौसल्येला आधी कळलंच नाही. मग तिनं फळीखाली पाहिलं. टोपली नव्हती.

"तुम्ही थांबवलं नाही?"

"थांबवायला उभं राहावं लागतं," रामदास म्हणाला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "तिनं मला विचारलं, पोरीला उद्या काय खायला घालायचं?"

ती तशीच निघाली. बसची वाट बघवेना म्हणून दोन स्टॉप चालली, मग बस मिळाली. महालक्ष्मीच्या पुढे तिनं खिडकीतून मान वळवून पाहिलं. चंद्राला डाव्या अंगानं काळिमा लागला होता. वहीत लिहिलेली वेळ बरोबर निघाली होती, आणि त्याचा तिला आनंद होत नव्हता. आपण वस्तीतल्या मैदानात असायला हवं होतं, इथं कशाला निघालोय, आईला काय बोलायचं, कशाचाच मेळ लागेना.

ठाकूरद्वारच्या आतली ती गल्ली तिला न शोधता सापडली. सुंदराबाई एका तीन मजली बिल्डिंगीखाली उभी होती. टोपली अर्धी भरलेली. पण तिचा आवाज येत नव्हता. इतक्या वर्षांनी ती शब्द विसरली होती की लाजली होती, देव जाणे. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक म्हातारी वाकून म्हणत होती, "अगं, गप्प का उभी? ओरड की. अजून सुटायचंय."

"ती ओरडणार नाही," कौसल्या म्हणाली.

म्हातारीच्या शेजारी तिचा मुलगा उभा होता. चाळिशीचा, धोतर नेसलेला, हातात घड्याळ. शेजारच्या गॅलरीतून कुणी त्याला गंगाधरपंत म्हणून हाक मारत होतं. तो म्हणाला, "मग इथे कशाला उभ्या आहात?"

"आईला न्यायला आलेय." ती गॅलरीखाली पुढे आली. "चंद्राला कुणी धरलेलं नाही साहेब. ती सावली आहे. पृथ्वीची. तुमची बिल्डिंग, आमची चाळ, सगळं त्यात आलं. नऊ वाजता जास्तीत जास्त झाकेल आणि वरच्या अंगाला एक कोर राहील. घड्याळ लावून बघा."

तिला वाटलं होतं, तो रागावेल. नाहीतर चकित होईल. गंगाधरपंतांनी शांतपणे चष्मा पुसला.

"ठाऊक आहे मला. मी शाळेत भूगोल शिकवतो."

कौसल्येनं टोपलीकडे बोट केलं. "ठाऊक आहे? मग हे तांदूळ?"

"आईचं समाधान," गंगाधरपंत म्हणाले. मग जरा अवघडून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "आणि पद्धत आहे."

इतके महिने तिला वाटत होतं, या लोकांना कळत नाही म्हणून हे चाललंय. कळलं की थांबेल. कंदील-नारळ घेऊन कुणी तरी गिरगावात जायला हवं, एवढाच प्रश्न. आणि इथे हा माणूस दरसाल मुलांना फळ्यावर सावलीचं चित्र काढून दाखवत होता, आणि घरी येऊन खाली उभ्या असलेल्या बाईच्या टोपलीत तांदूळ टाकत होता. तिनं आईचा दंड धरला.

"चल, आये."

सुंदराबाईनं टोपली उचलली. वरून म्हातारी काही तरी म्हणाली, ते दोघींनीही ऐकलं नाही.

बसला पैसे होते, पण कौसल्या चालतच राहिली आणि आई मागोमाग. चंद्राची बारीक कोर तेवढी उरली होती. भायखळ्याच्या अलीकडे सुंदराबाई दमून एका दुकानाच्या पायरीवर बसली.

"तुजी सावली खरी असंल गं," ती म्हणाली. "ह्ये तांदूळ बी खरं हायेत. फेकून दिऊ का?"

कौसल्या उभीच होती. दोन पावलं पुढे गेली, दोन मागे आली. "नको."

ते तांदूळ त्या रात्री शिजले. चंपा पोटभर जेवली, रामदास खाली मान घालून जेवला. कौसल्येनं दोन घास घेतले आणि ताटावरून उठली. सुंदराबाईनं तिला परत बसवलं नाही. मैदानातल्या बायका वाट बघून केव्हाच घरी गेल्या होत्या.

त्या पावसाळ्यात रामदासनं शेजाऱ्याचं जुनं शिलाई मशीन मागून आणलं आणि एका पायानं ते चालवायला शिकला. आधी चाळीतल्या पोरांच्या चड्ड्या, मग ब्लाऊज. दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला दीक्षेसाठी गेली, त्यांच्यात सुंदराबाई होती. पांढरं लुगडं नेसून गेली, परत आली. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "आता उपाशी मरंन, पन जायची न्हाई." कौसल्येनं मान हलवली. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

कौसल्या मात्र स्वस्थ झाली नाही. माहीत असूनही माणूस बदलत नाही, हे तिला गिरगावात कळलं होतं आणि ते तिला सलत होतं. तिनं मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, "सांगून भागत नाही. उभं करून दाखवावं लागतं, आणि दाखवूनही काही जण घरी जाऊन तेच करतात."

"मग?"

"मग काय. पुन्हा दाखवायचं."

सत्तावन्नच्या नोव्हेंबरात खग्रास ग्रहण होतं. रशियानं महिन्याभरापूर्वीच आकाशात उपग्रह सोडला होता, रामदास शिवता शिवता पेपरातल्या त्या बातम्या मोठ्यानं वाची. या वेळी कौसल्येनं पंधरा दिवस आधीपासून तयारी केली. मिलमध्ये तिच्या शेजारच्या मशीनवर सुभद्रा नावाची कोकणातली मुलगी होती, पलीकडच्या बिल्डिंगीत राहणारी, सहा महिन्यांची पोटुशी. ग्रहणात तिला अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवणार होते. काही चिरायचं नाही, पाणी प्यायचं नाही, नाहीतर पोर ओठ फाटलेलं जन्मतं.

"सासूबाय सोडूची नाय," सुभद्रा म्हणाली.

"मी येते विचारायला."

सुभद्रेच्या सासूनं दारातूनच कौसल्येला वरखाली न्याहाळलं. कौसल्या म्हणाली, "माझी चंपा पोटात होती तेव्हा ग्रहण लागलं होतं. मी मशीनवर होते, दोरे तोडत होते. पोरगी खाली खेळतेय, हाक मारू का?" सासूनं दार लावलं नाही.

सात नोव्हेंबरला सूर्य मावळता मावळता गिरणीच्या धुराड्यांमागून चंद्र वर आला. जांबोरी मैदानात पन्नासेक बायका जमल्या. रामदासनं गॅसबत्ती धरली, शामराव मास्तर मुद्दाम मागे उभे राहिले आणि नारळ कौसल्येनं घेतला. ती एकेक वस्तू दाखवत बोलायला लागली. कड सरकायला लागली तशा बायका नारळाकडे आणि आकाशाकडे आळीपाळीनं बघू लागल्या. सव्वासातच्या सुमाराला गर्दी जरा हलली. सुभद्रा पदर सावरत येत होती, आणि दहा पावलं मागे तिची सासू.

"तहान लागलीय गे," सुभद्रा म्हणाली. कौसल्येनं तांब्या पुढे केला. मग तिचा हात थबकला. महाराच्या घरचं पाणी, आणि ग्रहणातलं. सुभद्रेनं सासूकडे पाहिलं. सासू दुसरीकडे बघत होती, फार वेळ बघत राहिली. सुभद्रेनं तांब्या घेतला आणि गटागटा प्यायली.

पावणेआठ वाजता चंद्र पूर्ण सावलीत गेला. पण तो काळा झाला नाही. तांब्याच्या भांड्यासारखा तांबूस होऊन तिथेच राहिला. मैदानात कुजबुज झाली. सावलीत गेल्यावर दिसेनासा व्हायला हवा होता, तसं कौसल्येनंच आत्ता सांगितलं होतं.

"हा लाल का दिसतोय?" रामदासनं विचारलं.

कौसल्येनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी नुसतेच हात पसरले. पन्नास बायका तिच्याकडे बघत होत्या.

"मला माहीत नाही," कौसल्या म्हणाली. "सांगते शोधून."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर ती दादरच्या वाचनालयात गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. पृथ्वीभोवतीच्या हवेतून सूर्याचा लाल उजेड वाकून सावलीत शिरतो, हे तिला चौथ्या दिवशी सापडलं आणि त्या आठवड्यात तिनं ते दारोदार जाऊन सांगितलं, सुभद्रेच्या सासूलासुद्धा. फेब्रुवारीत सुभद्रेला मुलगी झाली. सासूनं दिव्याजवळ नेऊन पोरीचे ओठ तीनदा तपासले, मग नात बघायला आलेल्या बायकांना म्हणाली, धड आहे सगळं. कौसल्येचं नाव तिनं घेतलं नाही. कौसल्या तोवर आकाशातला मंगळ तांबडा का दिसतो, याच्या मागे लागली होती.