निळ्या रंगाखालची पुट्टी

सावली गावच्या हर्षा दुर्गेने आयटीआयमधून फिटरचा कोर्स केलेला. लग्नानंतर सासऱ्यांनी, बापूरावांनी, घराची पडवी तिला कामासाठी मोकळी करून दिली. तिथे ती फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायची. पण काम घट्ट धरून ठेवायला व्हाइस, म्हणजे टेबलाला बसवायचा लोखंडी शिकंजा, नव्हता. लोखंडी दांडा पायाखाली दाबून ती कानस मारायची. बापूरावांना ते बघवेना. अहेरीला पाहुणे म्हणून गेले, तर येताना बाजारातून निळाभोर, चकचकीत बेंच व्हाइस घेऊन आले.

"पाह्य, किती वजनदार हाये!"

हर्षाने तो बोल्टांनी टेबलाला आवळला. मळणीयंत्राचा वाकलेला दांडा जबड्यात धरला आणि हातोडा मारला. फार जोरानेही नाही. काडकन आवाज झाला. जबड्याचा तुकडा उडाला, बापूरावांच्या कानाजवळून गेला आणि मागच्या भिंतीचा पोपडा घेऊन खाली पडला.

बापूराव जागचे हलले नाहीत. चहाचा कप हातात तसाच. सासूबाई, मनकर्णाबाई, चुलीजवळून धावत आल्या.

"काय झालं? कोणी बोलून काऊन नाई राह्यलं?"

हर्षाने तुकडा उचलला. कडेला बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मधे पांढरं काहीतरी. नख लावलं तर भुगा गळाला. ओतकामात राहिलेलं भोक पुट्टीने भरून वरून रंग मारला होता.

"अन् हे मीच तुह्यासाठी आणलं," बापूराव कसेबसे म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. नवा व्हाइस आणायचं नाव काढू देईनात.

शेवटी मनकर्णाबाईच सुनेला घेऊन चंद्रपूरला गेल्या. दुकानात हर्षाने एकेक व्हाइस खाली उतरवून घेतला. स्क्रू पूर्ण उघडून आत मोबाइलचा उजेड टाकला. जबडे मिटवून मधून फट दिसते का पाहिलं, हलवून पाहिले. मग पान्याने सगळीकडे ठोकत गेली. एका लाल व्हाइसचा आवाज एका जागी बद्द झाला.

"भाऊ, इथं खरवडू का?"

"खरवडा ना बाई. नवा माल हाये."

किल्लीच्या टोकाने रंग निघाला आणि पांढरी भुकटी काउंटरवर सांडली. दुकानदाराचा चेहरा उतरला. तो खुर्चीत बसलाच.

"अरे बाप रे! कालच माह्या जावयाले असाच एक दिला ना मी!"

त्याने लगेच जावयाला फोन लावला. "त्या व्हाइसले हात नको लावू! ठोकू नको त्याच्यावर काही! नाई, आधी ऐक माह्यं!"

मग त्याने तो सगळा लाल माल फळीवरून काढायला लावला. हर्षाने एक काळा, खडबडीत व्हाइस निवडला. जबड्यांवर बदलता येणाऱ्या पोलादी पट्ट्या होत्या आणि कुठेही ठोका, आवाज खणखणीत यायचा.

त्यावर तिचं काम आता छान चाललं आहे. गावोगावचे लोक मोटारी घेऊन येतात. बापूराव त्यांना सुनेचं कौतुक सांगत बसतात. पण हर्षाने हातोडा उचलला, की बोलणं अर्धवट सोडून अंगणात निघून जातात.