गोधडीच्या पुस्तकातला ‘तरी’

२००५च्या आसपास आम्ही इंग्लंडात रीडिंगला राहत होतो. नवरा आयटीत, मी डिपेंडंट व्हिसावर आणि लेक इयर वनमध्ये, म्हणजे पहिलीत. दर शनिवारी लायब्ररीतून इंग्रजी पुस्तकं आणायची आणि तिला मराठीतून वाचून दाखवायची, हा माझा नियम होता. पोरीचं मराठी टिकवायचा मी विडाच उचलला होता.

ऑक्टोबरात ब्लॅक हिस्टरी मंथ असे. तेव्हा लायब्ररीच्या दाराशी एका टेबलावर अमेरिकेतल्या काळ्या कुटुंबांची चित्रांची पुस्तकं मांडलेली असत. त्यातलं एक मी उचललं ते इतिहासासाठी नव्हे, मुखपृष्ठावरच्या गोधडीसाठी. एक आजी जुने कपडे जोडत होती, त्यात आजोबांचा कामावरचा शर्टही होता, आणि नात तिला सुईत दोरा ओवून देत होती. सासूबाईंनी त्यांच्या पातळांची शिवलेली गोधडी आमच्या सोफ्यावरच होती. ती पायांवर घेऊन आम्ही दुपारी वाचायला बसलो.

“ही बघ तिची आजी,” मी वाचलं. “आजी सावळी असली तरी नाकीडोळी नीटस होती.”

आमच्याकडे लग्नाच्या मुलीबद्दल हेच वाक्य बोलतात. काळी म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून सावळी, आणि सावळीच्या मागोमाग ‘तरी’. माझ्याबद्दलही ते बोलून झालं होतं.

लेकीनं ओळीवर बोट ठेवलं. शाळेत तेव्हा त्यांना ‘अँड’, ‘बट’ असले छोटे शब्द घोकायला देत.

“आई, तू चुकीचा वाचला. इथे ब्लॅक आहे. मग अँड. ए-एन-डी. अँड ब्यूटिफुल.”

“तेच तर सांगितलं मी.”

“नो. तरी म्हणजे बट. इथे बट नाहीये.”

मला रागच आला. सहा वर्षांची पोर मला मराठी शिकवणार! “पुढचं ऐकायचंय का नाही?” मी खेकसले. तिचं लक्षच नव्हतं. ती पानं उलटून ‘बट’ शोधत होती. त्या आजीच्या पानांवर तो कुठेच नव्हता.

मग गोधडीकडे बघत तिनं विचारलं, “आपला आजी फोनवर बोलते, मी सावळी असली तरी हुशार. माझ्यात बट आहे?”

सासूबाई दर रविवारी फोनवर विचारत, “उजळली का गं तिकडच्या थंडीत?” आणि मी पोरीच्या अंगाला साय नि डाळीचं पीठ चोळत असे. आजीनं सांगितलंय, असं तिला म्हणायचे. हात माझेच होते. मला स्वतःची लाज वाटली.

“नाही,” मी म्हटलं.

“मग परत वाच.”

“आजी काळी होती,” मी वाचलं, “आणि सुंदर होती.”

“आता मला वाच.”

तिनं पुस्तक मिटून ठेवलं आणि माझ्यासमोर बसली.

“तू काळी आहेस,” मी म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, पुढचा शब्द कुठला येतो ते. “आणि सुंदर आहेस.”

दुसऱ्या दिवशी डाळीच्या पिठाचं मी पिठलं केलं.