आम्ही म्हणजे कोण?

इंटरनॅशनल शाळेत करिअर मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमना एकाच शब्दाची भयंकर चीड होती, तो म्हणजे ‘आम्ही’. मुलाशेजारी बसून पालक म्हणायचे, "आम्हाला मेडिकललाच जायचंय," की मॅडमचा पारा चढलाच! "आम्ही म्हणजे कोण? तुम्हीपण राहणार का हॉस्टेलवर?"

असेच एक वडील आले. त्यांची बदलीची नोकरी, त्यामुळे लेकीच्याही देशोदेशी शाळा बदललेल्या. "आम्ही डॉक्टर होणार," ते म्हणाले. मॅडमनी नेहमीचा प्रश्न टाकला. लेक मान खाली घालून पुटपुटली, "जहाजं कशी बांधतात, ते शिकायचंय." कोणाला, ते मात्र तिनंही सांगितलं नाही.

मॅडमनी तेवढंच धरलं आणि वर्षभर तिचा पिच्छा पुरवला. प्रवेशअर्जासोबतचा निबंध पुन्हापुन्हा लिहून घेतला, वडिलांशी कडाक्याची भांडणं केली.

आज विद्यापीठाचं उत्तर आलं. मॅडमच्या खोलीत तिघंही एकाच स्क्रीनवर वाकले. ‘अभिनंदन’ हा शब्द दिसला मात्र, मॅडम खुर्ची उलथवून उठल्या आणि कॉरिडॉरमधून धावत सुटल्या, "मिळाली! आम्हाला अॅडमिशन मिळाली!" वर्गावर्गांची दारं उघडली.

मागून धापा टाकत वडील आले. डोळे भरून आले होते, पण ही संधी सोडतील तर शपथ! "मॅडम, आम्हाला म्हणजे कोणाला?"

मॅडम धावता धावता थबकल्या. तेवढ्यात त्या दोघांना बाजूला सारून लेक पुढे आली आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशी ओरडली, "मला!"