केळीच्या खोलीतली बाटली

माझ्या दुकानात सुरकुतलेली द्राक्षं मागणारं एकच गिऱ्हाईक होतं: इटालीवाले काकाजी. अकोल्याच्या जुन्या शहरात हातगाडीपासून सुरुवात करून मी फळांचं दुकान आणि मागे केळी पिकवायची थंड खोली उभी केली. सुकलेला माल मी गाईपुढे टाकते. आणि हा माणूस ताजा घड बाजूला सारून म्हणायचा, "तो कोमेजलेला दाखवा बाई."

मूळचे दर्यापूरचे. मुलगी सुनंदा सात वर्षांची असताना ते इटलीला गेले आणि व्हेरोनाजवळच्या टेकड्यांत एका द्राक्षमळ्यावर राबले. परतले तेव्हा बायको जाऊन वर्षं झाली होती, सुनंदाची लेकरं शाळेत जात होती. येताना आणली एक काळपट लाल वाइनची बाटली. नाव अमारोने.

ती वाइन कशी होते हे ते सांगायला लागले की माझा तराजू थांबायचा. तोडलेली द्राक्षं लगेच चेपायची नाहीत. माळ्यावर बांबूच्या तट्ट्यांवर एकेक घड सुटा ठेवायचा, तीन-चार महिने. धुकं आलं की खिडक्या बंद, वारा सुटला की उघड्या. "मी घडातला सडका मनी हुडकाचो बाई. दिवसभर तेच." ऐन थंडीत द्राक्षं मनुक्यासारखी झाली की चेपायची, रसातली साखर संपेस्तोवर सावकाश आंबू द्यायची, मग वर्षानुवर्षं लाकडी पिंपात.

"वजन किती घटते?" मी विचारलं.

"शंभराचे साठ रायतात."

"मंग मालक येडाच हाय तुमचा."

ते खूप हसले. "घटते ते पानी वं! चव तिथंच रायते. आदी सुकल्या बोरावानी लागते, अन् गिळल्यावर कडू. नावाचा अर्थच मोठा कडू."

ती बाटली त्यांना सुनंदासोबत उघडायची होती. "इतकी वर्सं मी तिकडं काय करून राहिलो होतो, ते तिले सांगता येत नाही मले. चाखवता येईन." पण बापावर रागावलेली सुनंदा सासरहून, नांदगाव खंडेश्वरहून, यायला तयार नव्हती. तोवर बाटली थंडाव्यात आडवी राहायला हवी, म्हणून माझ्या केळीच्या खोलीत एका फळीवर ठेवली. रोज येऊन तिला बघून जायचे.

मे महिन्यात माझं डोकं फिरलं. ते दार उघडं टाकून आत उभे, आणि केळीची अख्खी खेप एकदम पिवळी पडली. गिऱ्हाइकांसमोर मी ओरडले, "तुमच्या दारूची राखन करत नाही मी! उचला!" त्यांनी बाटली ओल्या दुपट्ट्यात गुंडाळली आणि गेले. त्यांच्या खोलीवर टिनाचं छप्पर. त्यात बाटलीचं काय होईल हे मला कळत होतं. पण सौद्यात मी कधी आधी बोलत नाही. त्यांनी यावं, मग बघू, असं म्हणत मी उरलेला उन्हाळा काढला.

दिवाळीत अखेर सुनंदा आली. काकाजींनी मलाही बोलावलं. उन्हाळ्याच्या तापानं बूच वर सरकलं होतं. ओततानाच उतरलेल्या फळाचा आंबूस वास नाकात गेला. तो वास मी झोपेतही ओळखीन. सुनंदानं एक घोट घेऊन पेला खाली ठेवला.

"याच्यासाठी गेले होते का बाबा तुमी?"

मी तोंड उघडलं. काकाजींनी माझ्याकडे न बघताच हात आडवा केला. "असीच असते वं ते. कडूच," तिला म्हणाले, आणि आपला पेला त्यांनी शेवटपर्यंत संपवला.

माघात ते गेले.

माझी तक्रार आहे त्यांच्यावर. त्यांनी मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या. लेकीसमोर माझं नाव घ्यायला हवं होतं. मी उलटून भांडले असते, फार तर रडले असते. त्यांनी मला भांडूच दिलं नाही.

तेरवीला सुनंदाला गाठून सांगितलं, "त्या दिवशीची वाइन नासली होती. माझ्यापायी."  तिनं विचारलं, "मंग चांगली कसी लागते ते?"

 मी ती कधी चाखलीच नव्हती. "सुकल्या बोरावानी," एवढंच म्हणाले, तेही काकाजींचेच शब्द.